मन तास सोडून पळते त्यांच्यासाठी: एडीएचडी अन् योग, सुरुवात कुठून करायची

मागच्या पोळ्याच्या आठ दिवस आधी माझ्याकडं दोन ब्लाऊज शिवायला होते, एक जांभळा, एक मोरपंखी, दोघी बाया सख्ख्या जावा पण मापं एकदम वेगळी. जांभळ्याची बाही कापता कापता कुकरची शिट्टी झाली, उठली, गॅस बारीक केला, तिथं दिसलं की तुरीची डाळ निवडायची राहिली, ती घेऊन बसली तर फोन वाजला, फोनवर बोलत बोलत ओसरीत आली तर कोंबडी सुपात उभी, तिला हाकलली, आत आली, कात्री उचलली अन् मोरपंखीवालीच्या मापानं जांभळ्याची पाठ कापून मोकळी झाली. चार इंच कमी. कापडाचे पैसे माझ्या डब्यातून गेले ते गेलेच, त्या दोघींचं आधीच पटत नव्हतं, त्यात माझ्यामुळं आणखी तेल पडलं.

असं आयुष्यभर होत आलं. शाळेत मास्तर म्हणत पोरगी हुशार आहे पण लक्ष नाही, लग्न झाल्यावर आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणत "इचं डोकं ठिकाणावर नसते वं". तीन वर्षांपूर्वी आमच्या पोट्ट्याला शाळेच्या तक्रारीवरून जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराच्या डॉक्टरकडं नेलं, डॉक्टर त्याच्याबद्दल एकेक विचारत गेले अन् मी प्रत्येकाला "हो, मलेही असंच होते" म्हणत गेली, शेवटी त्यांनी पेन खाली ठेवला अन् म्हणाले, ताई, तुमचाही केसपेपर काढून आणा. दोघांनाही एडीएचडी निघाला, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही अन् आतली-बाहेरची चुळबुळ थांबत नाही तो त्रास. तेव्हा मी एकतीस वर्षांची होती.

हे लिहून राहिली ते अशा लोकांसाठी ज्यांनी योगाचा व्हिडिओ लावला, डोळे मिटून बसले, दीड मिनिटात उठले अन् आपल्याच्यानं हे होत नाही असं ठरवून टाकलं. मीही तीनदा सोडलं. चौथ्यांदा टिकलं कारण उलट्या टोकाकडून धरलं. तेच क्रमानं सांगते. मी काही योगशिक्षिका नाही अन् डॉक्टर तर नाहीच, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या पुढं आमचं गाव, शिलाई मशीन आहे अन् पाच एकर कपाशी-तूर आहे.

आधी डॉक्टर, मग चटई

एडीएचडी मोबाईलमुळं होत नाही अन् लाडानंही होत नाही, तो लहानपणापासून मेंदूच्या घडणीतच असतो. डॉक्टर लोक जी नियमावली वापरतात, २०१३ ची डीएसएम-५, तिच्यात लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीच दिसायला लागलेली पाहिजेत, सहा महिने तरी टिकलेली पाहिजेत, अन् एकाच जागी नाही तर दोन तरी जागी, म्हणजे घरी अन् शाळेत किंवा घरी अन् कामावर. दोन याद्या असतात, एक लक्ष न लागण्याची अन् एक चुळबुळीची-उतावीळपणाची, प्रत्येकीत नऊ लक्षणं, मुलांमध्ये एका यादीतली सहा तरी लागतात, १७ अन् त्याच्या वरच्यांना पाच पुरतात. अंदाजे शंभर पोरांत पाच अन् शंभर मोठ्यांत अडीच असं धरतात. म्हणजे पाचशे मोठ्या माणसांच्या गावात दहा-बारा जण निघायला हरकत नाही, फक्त त्यांना नाव वेगळं पडलेलं असते, "भुलक्कड", "येडपट", "कामचोर".

बायांचं तर लक्षातच येत नाही. आमची चुळबुळ आत चालते, बाहेरून बाई गप बसलेली दिसते.

पण स्वतःच स्वतःला शिक्का मारू नका. थायरॉईड बिघडलं, रक्त कमी असलं, झोप होत नसली, मन उदास असलं तरी लक्ष असंच सुटते, अन् त्याचे उपाय वेगळे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो तिथं दाखवा. जायला जमत नसेल तर १४४१६ वर फोन लावा, ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री लागते अन् मराठीत बोलता येते. डॉक्टरांनी गोळी दिली असेल, मिथाइलफेनिडेट म्हणा, अ‍ॅटोमॉक्सेटिन म्हणा, तर योग सुरू केला म्हणून ती बंद करायची नाही. हे मी दोनदा लिहिलं असतं. योगाचा एडीएचडीवर फायदा होतो असे अभ्यास आहेत पण ते लहान-लहान आहेत, गोळीच्या जागी योग असं त्यातून निघत नाही. माझी गोळी चालू आहे. गोळीनं बैल जागेवर उभा राहतो, तास धरून चालायला शिकवणं वेगळं काम आहे.

(तास म्हणजे आमच्याकडं पिकाची ओळ. घड्याळाचा तास तर आम्हाला असाही दिसत नाही.)

पतंजलीनं काय म्हटलं ते आपल्या कामापुरतं

योगसूत्रं १९५ आहेत, काही प्रतींत १९६, चार भागात. सगळी वाचायची गरज नाही, पाच-सहा पुरतात. त्यातलं एक सगळ्यांना माहीत असते, योगश्चित्तवृत्तिनिरोधः. ह्याचा अर्थ लोक सांगतात विचार बंद करा, अन् तिथंच आपला माणूस हरते, कारण विचार बंद होत नाहीत, उलट "बंद हो" म्हटलं की चार सोयरे घेऊन येतात. निरोध म्हणजे माझ्या समजुतीत पाटाचं पाणी वळवणं. ओलित करताना आपण पाणी थांबवत नाही, एका वाफ्याचं तोंड मातीनं बुजवतो अन् दुसऱ्याचं उघडतो, पाणी वाहतच असते. पंडित लोक माझ्याशी भांडतील ह्याच्यावर, भांडू द्या.

योगसूत्रांवर व्यासांचं जे भाष्य आहे त्यात चित्ताच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत, क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. आता मराठीत कोणाला विक्षिप्त म्हटलं की शिवी झाली, पण तिथं विक्षिप्त ही बरी अवस्था आहे, क्षिप्तापेक्षा वरची, जे मन मधून मधून स्थिर होते अन् परत सुटते ते. मला हे वाचून लय बरं वाटलं. म्हणजे आपण तिसऱ्या वर्गात आहोत, नापास नाही.

दुसरी कामाची यादी पहिल्या पादातल्या, म्हणजे भागातल्या, तिसाव्या सूत्रात आहे, चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अडथळे: व्याधी (आजार), स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती (सुखाची ओढ न सुटणं), भ्रांतिदर्शन (उलटंच समजणं), अलब्धभूमिकत्व (पुढची पायरी हाती न लागणं), अनवस्थितत्व. पहा, आलस्य ह्या नवातला एक आहे. लोकांनी आपले बाकीचे आठही त्या एकातच कोंबले. सुरू करायची इच्छा आहे पण अंग हलत नाही ते स्त्यान, ध्यानात न राहून चूक झाली तो प्रमाद, अन् एकदा जमलं पण टिकलं नाही ते अनवस्थितत्व. माझा रोग शेवटचा. एक वही काढा अन् आठवडाभर रोज रात्री फक्त एवढं लिहा की आज ह्यातला कोणता आडवा आला. लिहायचं विसरलात तर तोही प्रमादच, दुसऱ्या दिवशी तेच लिहा.

अन् त्याच्या पुढच्याच सूत्रात विक्षेपाच्या सोबत काय काय येते ते दिलं आहे, दुःख, मनाचा खट्टूपणा, श्वास विस्कटणं अन् अंगमेजयत्व. अंगमेजयत्व म्हणजे अंग हलत राहणं. पाय हलवत बसणं, पदराचं टोक पिळत राहणं, पेनाचं टोपण चावणं. म्हणून पतंजलीला एडीएचडी माहीत होता असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर मानू नका, तो कोणत्याही माणसाच्या मनाबद्दल बोलून राहिला आहे. पण मन अन् अंग सोबतच सुटतात हे त्यानं पाहिलं होतं, अन् आपल्याला धागा तिथूनच मिळतो. अंग हातात येते. मन नंतर.

पहिली पायरी: अंग

डोळे मिटून बसायचं नाही. पहिले पंधरा दिवस तर नाहीच.

सकाळी पाच-सात मिनिटं अंग हलवायचं. सूर्यनमस्कार येत असतील तर तीन-चार घाला, हळू, बारा स्थिती असतात, प्रत्येकीचं नाव किंवा नंबर तोंडानं मोठ्यानं म्हणायचा, मनात नाही, मोठ्यानं. मनात म्हटलं की मी चौथ्या स्थितीत बाजाराच्या यादीत पोहोचते. गुडघे-कंबर धरलेली असेल तर ताडासन करा, टाचा वर, हात वर, दहा अंक मोजून खाली. मग वृक्षासन, एका पायावर, एक बोट भिंतीला टेकवून. हे आसन आपल्यासारख्यांसाठी भल्लं कामाचं आहे, कारण मन सुटलं की पाय लगेच सांगतो, डुगडुगतो, दुसऱ्या कोणाला रागवायला यावं लागत नाही. समोर भिंतीवर एक खूण ठरवा, आमच्या भिंतीवर चुन्याचा पापुद्रा निघालेला आहे, त्याचा आकार बैलाच्या कानासारखा दिसते, मी तिथंच पाहते.

दिवसभर निंदण करून आलेल्या बाईला सूर्यनमस्कार सांगायला मला स्वतःलाच लाज वाटते. तिनं पाय भिंतीला लावून पाच मिनिटं पाठीवर पडावं, तेवढं पुरते.

बसण्याबद्दल पतंजलीचा नियम चारच अक्षरांचा समजा, स्थिर अन् सुख. स्थिरसुखमासनम्. पद्मासन लिहिलेलं नाही तिथं. भिंतीला टेकून बसा, पाय लांब करा, खुर्चीवर बसा, बाजेवर बसू नका कारण बाज झोप आणते. मांडी घालून पायाला मुंग्या आल्या तर सगळं लक्ष मुंग्यांतच जाते.

दुसरी पायरी: बारा पेरं

अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, झाले बारा. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवायचा. श्वास नाकानं आत, मग बाहेर सोडायचा तो जरा लांबवायचा, गरम चहावर फुंकर घालतो तसा पण नाकानंच, सोडून झाला की अंगठा पुढच्या पेरावर. बारा पेरं झाली की काम झालं. दोन मिनिटांच्या आत-बाहेर होते. सूत्रांतही श्वास बाहेर सोडण्यावरच भर आहे, प्रच्छर्दन म्हणतात त्याला. तिथं रोखणंही सांगितलं आहे, पण ते शिकवणाऱ्या माणसासमोर बसूनच करायचं, पुस्तक पाहून नाही.

आता ह्यातली खरी गंमत सांगते. आकडे मोजले अन् मधेच मन सुटलं तर आपण परत एकपासून सुरू करतो, तिसऱ्यांदा एकपासून करावं लागलं की चिडून उठतो. पेरांवर मोजताना असं होत नाही. मन कुठंही गेलं असू दे, तुम्ही परत येता तेव्हा अंगठा तिथंच थांबलेला असते जिथं तुम्ही सोडलं. शिलाईत सुई कापडात खाली टोचून ठेवली की उठून गेलं तरी टाका सरकत नाही, तसंच.

माझे आजचे बारा पेरं जसेच्या तसे सांगते. पहिले दोन ठीक. तिसऱ्यावर गोठ्यातून घंटी वाजली, गाय सुटली का, नाही, खाजवून राहिली. चौथ्यावर परत. पाचव्यावर आठवलं की ज्या बाईचा फॉल-पिको द्यायचा ती बुधवारी येणार होती, अन् आज कोणता वार आहे, अन् मग तिच्या पोरीचं लग्न, अन् लग्नात आपण नेसायचं काय, अन् ती हिरवी साडी कोणाला दिली होती. किती वेळ गेला माहीत नाही. अंगठा पाचव्यावर. सहावा, सातवा, आठवा सरळ गेले. नवव्यावर पाय खाजवला. दहावा. अकरावा इतका शांत गेला की मला वाटलं आता जमलं, अन् "जमलं" हाच विचार घेऊन बारावा संपला. एवढंच. ह्याला मी चांगला दिवस म्हणते.

ज्यांना श्वासाकडं पाहिलं की धडधड वाढते त्यांनी भ्रामरी करावी, ओठ मिटून भुंग्यासारखा आवाज, पाच वेळा, आवाज असला की मनाला धरायला काठी मिळते. कपालभाती, भस्त्रिका असले जोराचे प्रकार नव्यानं सुरू करणाऱ्यानं करू नये, बीपी असेल, हृदयाचं दुखणं असेल, हर्निया असेल, पोटात बाळ असेल तर अजिबात नाही. टीव्हीवर पाहून जोरात सुरू करणारे आमच्या गावात बरेच आहेत, चक्कर येऊन पडलेला एक आमच्या घरातच आहे, नाव सांगत नाही, जेवायला वाढायचं आहे त्याला.

तिसरी पायरी: मनाला खुंटी द्या, आवडीची द्या

देशबन्धश्चित्तस्य धारणा. चित्ताला एका जागी बांधणं म्हणजे धारणा. तीच जाणीव न तुटता वाहत राहिली की ध्यान. म्हणजे आपण जे करणार ते ध्यान नाहीच, धारणा आहे, तीही दोन मिनिटांची. "ध्यान लागत नाही" अशी तक्रार करणारे बहुतेक जण पहिलीचं पुस्तक न उघडता चौथीत बसलेले असतात.

कुठं बांधायचं? इथं पतंजलीनं मला जिंकलं. मन स्थिर करायचे एकामागं एक उपाय सांगत जातो अन् शेवटी म्हणते, यथाभिमतध्यानाद्वा, किंवा तुला जे आवडते त्याच्यावर. एडीएचडीवाल्याचं मन आवडीवर चालते, महत्त्वावर चालत नाही. वीज बिलाची तारीख महत्त्वाची असते म्हणून लक्षात राहत नाही, पण गळ्याची नवी डिझाईन पाहिली तर मी रात्री बारापर्यंत कागदावर काढत बसते, भूक लागलेली समजत नाही. तर मग खुंटी आवडीचीच घ्या. कोणी सांगितलं म्हणून ओमच घ्यायला पाहिजे असं नाही. माझ्या जावेनं गजानन महाराजांचं "गण गण गणात बोते" धरलं, ती शेगावची भक्त आहे, तिला तिथं गोडी आहे. गावातल्या एका काकाजींनी खंजिरीचा ठेका धरला, बोटानं मांडीवर हळू हळू. मी मशीनच्या चाकाचा आवाज धरते, मशीन न चालवता, आठवून. दिव्याच्या ज्योतीकडं पाहणं, त्राटक, हेही चालते पण एक-दोन मिनिटांच्या वर नको, अन् मिरगी असलेल्यानं किंवा डोळ्याचं दुखणं असलेल्यानं करू नये.

वेळ मोजायला मोबाईल घेऊ नका. मोबाईल हातात घेतला की टायमर लावायच्या आधी तीन मेसेज वाचून होतात. अगरबत्तीचा तुकडा मोडा, बोटाच्या एका पेराएवढा, तो संपला की उठायचं. वेळ समजत नाही ना आपल्याला, पाच मिनिटं अन् पाऊण तास सारखेच वाटतात, तर इथं वेळ डोळ्यानं दिसते, कमी होताना दिसते. माचीस मात्र जागेवर ठेवा. माचीस शोधायला उठली अन् तासाभरानं कपाट आवरताना सापडली, असा माझा एक आठवडा गेला आहे.

आता मन सुटलं तर? सुटणारच. गीतेत अर्जुनही हेच रडगाणं गातो, मन चंचल आहे, दांडगं आहे, वाऱ्यासारखं धरता येत नाही म्हणते. कृष्ण त्याला खोटं पाडत नाही. "असंशयं" म्हणते, बरोबर बोललास, आवरायला कठीणच आहे, पण अभ्यासानं अन् वैराग्यानं हाती येते. त्याच्या आधीच्या श्लोकांत रीतही सांगितली आहे, ते जिथून जिथून निसटून जाईल तिथून तिथून परत आणायचं. किती वेळा ते लिहिलेलं नाही.

डवरणीत, म्हणजे कोळपणीत, बैल तास सोडून कपाशीवर जातो तेव्हा चांगला हाकणारा काय करते ते आठवा. तो ओरडत बसत नाही, कासरा जरासा ओढते, तोंडानं "हं" करते, बैल परत तासात. दिवसाच्या शेवटी कोणी विचारत नाही बैल किती वेळा सुटला, डवरणी झाली का एवढंच विचारतात. नवखा हाकणारा तुतारी, म्हणजे टोकाला आर लावलेली काठी, टोचतो, बैल बुजतो अन् मग चार तासं तुडवून ठेवते. आपण मन सुटलं की स्वतःला "काय वं मूर्खे" म्हणतो ना, ती तुतारी. कासऱ्याचं काम करायला माझ्याकडं एक शब्द आहे, "इकडं". बस, मनात "इकडं" म्हणायचं अन् परत खुंटीवर. वैराग्याचा अर्थ मी एवढाच लावला आहे की जी साडी आठवली ती साडी तिथंच सोडून यायची, घडी घालून ठेवत बसायचं नाही.

चौथी पायरी, हीच सगळ्यात अवघड: दुसऱ्या दिवशी

सूत्रात अभ्यास पक्का व्हायला तीन गोष्टी लागतात: दीर्घकाळ, निरंतरता अन् सत्कार. दीर्घकाळ ठीक आहे. निरंतरता म्हणजे आपला नाजूक भाग, पहिले नऊ दिवस आपण गावाला शिकवत फिरतो अन् दहाव्या दिवशी चटई कुठं ठेवली ते आठवत नाही. ह्याच्यावर इच्छाशक्तीचा उपाय चालत नाही, मी करून पाहिला.

जे चालते ते हे. रोज जे काम होतेच होते त्याच्या शेपटीला हे बांधा. माझं चहाचं आधण ठेवलं की बारा पेरं, आधण उकळतं तोवर. चहा मी कधीच विसरत नाही. चटई गुंडाळून ठेवत नाही, ती पसरलेलीच असते, आत्याबाईंना ते अजून आवडत नाही.

अन् दुसरं, एकटं करू नका. आपल्या मनाला शेजारी दुसरं माणूस त्याच कामात बसलेलं असलं की आधार लागते, का लागते ते डॉक्टर सांगतील, पण लागते. कापूस वेचायला एकटी गेली तर मी दुपारपर्यंत अर्धी ओटी भरते, चार बायांच्या ओळीत लागली की बरोबरीनं चालते. विदर्भात ह्याची सोय आयती आहे. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना गावोगावी होते, मोझरीच्या गुरुकुंजापासून ते आमच्यासारख्या आडगावापर्यंत. सगळे रांगेत, वेळ ठरलेली, सुरुवात-शेवट ठरलेला, गप बसायचा भागही थोडाच. तुम्ही कोणत्या श्रद्धेचे ते सोडा, विपश्यना करणारे असाल, विहारात जाणारे असाल, तर तिथं बसा. सोबत पाहिजे.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या जेलात गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली, त्यात सहाव्या अध्यायावर बोलताना एकाग्रतेच्या जोडीला ते जीवनाची परिमितता ठेवतात, म्हणजे जगणं मोजकं, बेतशीर ठेवणं. मी हे असं वापरते: मशीनवर एका वेळी एकच कापड. बाकी सगळी गाठोडी पडद्यामागं. मोबाईल ज्वारीच्या कोठीवर, हात पुरत नाही तिथं, स्टूल लागते. सहा ब्लाऊजच्या वर ऑर्डर घेत नाही, दिवाळी असली तरी. अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवणं, म्हणायचं तर म्हणा. अन् सत्य हा यम, म्हणजे योगातलं एक व्रत, मी असा पाळते की बाईला तोंडावर सांगते, ताई, मी विसरेन, तुम्ही सोमवारी फोन करा. पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली होती.

नागा पडली तर? दहा दिवस पडली तरी अकराव्या दिवशी बारा पेरंच, भरपाई म्हणून चोवीस नाही. सत्काराचा अर्थ मी असा घेते की आपल्या दोन मिनिटांनाही पाहुण्यासारखं वागवायचं, उशिरा आला म्हणून दारातून हाकलायचं नाही.

मधेच आठवलं म्हणून

रात्रीच्या लाईनवर ओलित करणाऱ्या माणसाला सकाळी पाचला उठून योग कर म्हणणं चुकीचं आहे. झोप गेली की एडीएचडी आणखी त्रास देतो. त्यानं झोपावं, दुपारी करावं. गीताही जास्त जागणाऱ्याला योग नाही म्हणते.

खर्ऱ्याबद्दल: लक्ष लागते म्हणून खर्रा तोंडात ठेवणारे आमच्याकडं घरोघर आहेत, अन् तंबाखूनं थोडा वेळ तरतरी येते हे खरं आहे, पण तो सौदा तोंडाच्या कॅन्सरचा आहे. डॉक्टरला हे लपवू नका.

शांत बसल्यावर कोणाला जुनं काही भयंकर आठवते, छाती भरून येते, आवाज ऐकू आल्यासारखे वाटतात. लगेच डोळे उघडा, उभं राहा, पाण्यानं तोंड धुवा अन् पुढच्या भेटीत डॉक्टरला सांगा. बळंच बसू नका.

पाचवी पायरी: कामात

महिना-दीड महिना झाला की चटईवरून वावरात या. एक तास निवडा, खरोखरचा, कपाशीचा. धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, पलीकडच्या धुऱ्यापर्यंत एवढ्याच ओळीत धारणा करायची, पुढची ओळ रोजच्यासारखी गप्पा मारत. बोंडाला बोट लागते तेव्हा सुकलेल्या पाकळीचं टोक कुठं टोचते, कापूस ओढताना सरकीची जराशी अड लागते मग सुटतो, चांगला कापूस अन् कवडी हाताला वेगळी लागते, डोळ्यानं पाहायची गरज पडत नाही. आठ वर्षं वेचून मला हे माहीतच नव्हतं. मन सुटलं तर "इकडं" म्हणून पुढच्या बोंडावर. ओळीच्या शेवटी पाणी प्यायचं, ते बक्षीस.

दुकानात बसणारा, ऑफिसात बसणारा हेच एका पानावर, एका गिऱ्हाईकावर करू शकते.

पोरांसाठी

त्यांना बसवू नका, एवढंच पहिलं अन् शेवटचं. आमचा आता अकरा वर्षांचा आहे, त्याला मी डोळे मिटायला लावलं तर तो एक डोळा उघडा ठेवून बहिणीला चिमटे घेते. त्याच्यासाठी लोटा आहे. काठोकाठ पाणी भरायचं अन् अंगणाला एक फेरी, एक थेंब सांडला नाही पाहिजे. तेवढी फेरी तो जसा चालते तसा मी त्याला दिवसभरात दुसऱ्या कोणत्याही वेळी पाहिलेलं नाही, जीभ बाहेर, डोळे लोट्यात, पाय मांजराचे. शाळेचा अभ्यास त्याच्यानंतर लगेच, दहा मिनिटं, मग परत फेरी. सांडलं तर रागवायचं नाही, फेरी तुळशीजवळ संपवायची म्हणजे उरलेलं पाणी तिला घालता येते. मागच्या आठवड्यात आत्याबाई ओट्यावरून बराच वेळ पाहत होत्या. मग उठून आत गेल्या अन् स्वतःचा पितळी लोटा घेऊन आल्या, म्हणाल्या, "तो स्टीलचा लहान हाय, ह्याच्यात भरून दे त्याले."